दलदलीत कोणाला उतरवायचे? केळीच्या बागा, क्लोरडेकोन आणि मजुराचे शरीर

गुलामगिरी वाईट की अस्पृश्यता वाईट, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात फार बारकाईने तपासला आहे. त्या तुलनेत ते प्राचीन रोमचा एक दाखला देतात. रोममधले जमीनदार दलदलीच्या, हिवतापाच्या जमिनीवर आपले गुलाम उतरवत नसत. तिथे ते स्वतंत्र मजूर लावत. कारण अगदी व्यवहारी होते. गुलाम ही धन्याची मालमत्ता होती. तो मेला तर धन्याचे पैसे बुडत. स्वतंत्र मजूर मेला तर धन्याचे काहीच जात नसे.

बाबासाहेबांना यातून गुलामगिरीचे कौतुक करायचे नव्हते. ज्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी कोणावरच नाही, त्या माणसाची अवस्था किती भयंकर असते, हे त्यांना दाखवायचे होते. कागदावर स्वतंत्र, पण जमीन नाही, सत्ता नाही, दाद मागायला जागा नाही, असा माणूस व्यवस्थेला सगळ्यात स्वस्त पडतो. दलदलीत त्यालाच उतरवतात.

मित्रांनो, दलदल आजही आहे. फक्त ती आता डोळ्यांना दिसत नाही. ती कीटकनाशकाच्या रूपात जमिनीत, पाण्यात आणि रक्तात असते. अशाच एका कीटकनाशकाचा, क्लोरडेकोनचा, इतिहास या लेखात मांडत आहे. तो कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक आणि ग्वाडलूप या दोन फ्रेंच बेटांवर घडला. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो : या विषाबद्दल ज्ञान कमी पडले, असे कधीच झाले नाही. ज्यांच्या शरीरात ते विष जात होते, त्या माणसांची किंमत कमी पडली.

‘शकते’ या शब्दाचे राजकारण

आधी विज्ञान समजून घेऊ. आपल्या शरीरातल्या अंतःस्रावी ग्रंथी हार्मोन, म्हणजे संप्रेरके, तयार करतात. हार्मोन म्हणजे रक्तातून जाणारे निरोप. वाढ कधी व्हायची, वयात कधी यायचे, पाळी, गर्भ, वीर्य, भूक, झोप, हे सगळे या निरोपांवर चालते. प्रत्येक निरोपासाठी पेशीत ठरलेले कुलूप असते आणि हार्मोन ही त्याची किल्ली. काही रसायनांची घडण अशी असते की ती या कुलपात बनावट किल्लीसारखी बसतात. मग नको त्या वेळी कुलूप उघडते, किंवा खरी किल्ली बाहेरच अडकते. क्लोरडेकोन हे इस्ट्रोजेन या हार्मोनच्या कुलपात बसणारे रसायन आहे.

हार्मोनचे काम अत्यंत सूक्ष्म प्रमाणात चालते. म्हणून त्यात ढवळाढवळ करायला विषही फार लागत नाही. दुसरे म्हणजे इथे मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची असते. मोठ्या माणसाला ज्या मात्रेने काही जाणवणार नाही, तीच मात्रा गर्भातल्या बाळाची घडण बदलू शकते. आणि परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागू शकतात.

वरच्या दोन वाक्यांत मी ‘शकते’ आणि ‘शकतात’ म्हटले. हा शास्त्रज्ञांचा प्रामाणिक शब्द आहे. त्यांना जेवढे सिद्ध झाले तेवढेच बोलावे लागते. पण हाच शब्द कंपनीच्या आणि सरकारच्या टेबलावर गेला की त्याचा अर्थ बदलतो. ‘अपाय होऊ शकतो’ याचे तिथे भाषांतर होते : ‘अपाय सिद्ध नाही, चालू द्या.’ शंकेचा फायदा आरोपीला द्यावा, हे न्यायाचे तत्त्व माणसांसाठी आहे. इथे तो रसायनाला मिळतो आणि पुरावा गोळा करण्याचे काम मजुराच्या शरीरावर येऊन पडते.

उंदरांनी आधीच सांगितले होते

क्लोरडेकोन अमेरिकेतल्या अलाइड केमिकल या कंपनीने १९५० च्या दशकात तयार केले आणि ‘केपोन’ या नावाने बाजारात आणले. १९६० च्या दशकातच प्राण्यांवरचे प्रयोग झाले होते. उंदीर थरथरू लागत, यकृत बिघडे, प्रजनन थांबे. उंदराच्या माद्यांमध्ये तर इस्ट्रोजेन टोचल्यासारखी लक्षणे दिसत. ‘हार्मोन बिघडवणारी रसायने’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १९९१ मध्ये अमेरिकेतल्या विंगस्प्रेड इथे शास्त्रज्ञांची बैठक झाल्यानंतर. पण या विशिष्ट रसायनाबद्दलची माहिती त्याच्या पंचवीस वर्षे आधी कागदावर आलेली होती.

अमेरिकेत केपोन मुख्यतः मुंग्या-झुरळांच्या सापळ्यांत वापरले जाई. उत्पादनाचा फार मोठा भाग निर्यात होत असे आणि त्यातला बराच केळीच्या बागांकडे जाई.

१९७४ च्या मार्चपासून व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेल गावात, एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत, अलाइडसाठी केपोन बनवणारा छोटा कारखाना सुरू झाला. पांढरी पावडर सगळीकडे उडे. कामगारांचे हात थरथरू लागले, नजर स्थिर राहीना, वजन उतरले, छातीत दुखू लागले. १९७५ च्या जुलैमध्ये एका डॉक्टरने एका कामगाराचे रक्त अटलांटाच्या सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवले. त्यात केपोनचे प्रमाण प्रचंड निघाले. राज्याचा आरोग्य अधिकारी येऊन गेला आणि त्याच महिन्यात कारखाना बंद झाला. पुढे १३३ कामगार तपासले गेले. त्यांपैकी ७६ जणांना विषबाधेची लक्षणे होती. अनेकांच्या वीर्यात शुक्राणूंची संख्या घटलेली होती. जेम्स नदीत विष गेल्यामुळे १९७५ च्या डिसेंबरात तिथली मासेमारी बंद करण्यात आली आणि ती बंदी पुढे १३ वर्षे टिकली. १९७६ मध्ये न्यायालयाने अलाइडला १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावला.

म्हणजे १९७६ पर्यंत जगाला सगळे ठाऊक होते. गुप्त असे काही उरले नव्हते. आता बेटांकडे वळू.

जमीन कोणाची, घाम कोणाचा

ही बेटे आपल्यापासून फार लांब आहेत, आपला काय संबंध, असे कोणी विचारेल. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीय संघटना आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेत होत्या. त्या निवेदनाची प्रत बाबासाहेबांनी मागितली आणि अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हेही कळवले. तेव्हा हा संबंध आपण नव्याने जोडत नाही. तो बाबासाहेबांनी जोडून ठेवलेला आहे.

मार्टिनिक आणि ग्वाडलूप १६३५ पासून फ्रेंच वसाहती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर तिथे उसाचे मळे उभे राहिले. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली. त्यानंतर १८४९ मध्ये फ्रेंच सरकारने कायदा करून नुकसानभरपाई दिली. कोणाला? गुलामांच्या मालकांना! ‘मालमत्ता’ गेली म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्यांना ना पैसा मिळाला, ना जमीन. मार्टिनिकमधल्या गोऱ्या मळेवाल्यांच्या वंशजांना तिथे ‘बेके’ म्हणतात. लोकसंख्येत ते जेमतेम एक टक्का आहेत. पण शेतजमीन आणि व्यापार यांवर त्यांची पकड आजही घट्ट आहे.

मुक्त झालेले लोक मळ्यात परत यायला तयार होईनात, तेव्हा मालकांनी मजूर आणले ते आपल्या देशातून. १८५३ मध्ये मार्टिनिकला आणि १८५४ मध्ये ग्वाडलूपला भारतीय करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज लागले. पुढच्या काही दशकांत सुमारे २५ हजार भारतीय मार्टिनिकला आणि ४० हजारांहून अधिक ग्वाडलूपला गेले. बरेचसे तामीळ प्रदेशातले, दुष्काळाने आणि जातीने पिचलेले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. मार्टिनिकच्या उत्तरेकडचा बास-पॉइंत हा भाग तर त्यांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. म्हणजे या कहाणीतल्या मजुरांत आपलेही रक्त आहे.

१९४६ मध्ये ही बेटे वसाहत न राहता फ्रान्सचा अधिकृत भाग झाली. कायद्याने सगळे समान नागरिक झाले. १९४९ मध्ये संविधान सभेतल्या शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. मार्टिनिकने ती विसंगती तीन वर्षे आधीच स्वीकारली होती. मत एक, मूल्य एक. पण बाग एकाची आणि विषाचा डबा दुसऱ्याच्या हातात.

१९७२ ते १९९३ : एकवीस वर्षांचा गुन्हा

केळीच्या झाडाचा कंद पोखरणारा एक सोंडकिडा असतो. त्याच्यावर उपाय म्हणून मळेवाल्यांना क्लोरडेकोन हवे होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्याच विषविषयक समितीने त्याला नकार दिला होता. तरीही १९७२ मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली. मजूर, त्यात बायकाही मोठ्या संख्येने, ही पावडर केळीच्या बुंध्याशी हाताने टाकत. बहुतेकदा हातमोजे नाहीत, मुखपट्टी नाही.

आणि इथे इतिहासाचे एक पान फार काळजीपूर्वक वाचायला हवे. १९७४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मार्टिनिकच्या केळीमजुरांनी मोठा संप केला. मागणी फक्त मजुरीवाढीची नव्हती. विषारी औषधांचा वापर बंद करा, हीसुद्धा त्यांची मागणी होती. होपवेलचा कारखाना तेव्हा सुरूही झाला नव्हता. शिकलेल्या जगाला कळायच्या आधी मजुरांना कळले होते, कारण ते त्यांच्या कातडीला कळले होते. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी बास-पॉइंतमधल्या शाल्व्हे या ठिकाणी सशस्त्र पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळीबार केला. रेनोर इल्मानी हा मजूर ठार झाला. दोन दिवसांनी जॉर्ज मारी-लुईज या १९ वर्षांच्या तरुणाचा मृतदेह समुद्रकिनारी सापडला.

विषाविरुद्धच्या पहिल्या तक्रारीला सरकारने गोळीने उत्तर दिले. पुढे कोणी ‘त्या काळी लोकांना कल्पना नव्हती’ असे म्हणाले, तर त्याला हे पान दाखवायचे.

यानंतरचा क्रम पाहा. १९७७ मध्ये फ्रान्सच्या सरकारी कृषिसंशोधन संस्थेच्या अहवालाने बेटांवरची माती दूषित झाल्याचे सांगितले. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरडेकोनला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या रसायनांच्या यादीत टाकले. १९८० मध्ये त्याच फ्रेंच संस्थेच्या दुसऱ्या अहवालाने प्राण्यांच्या शरीरात हे विष साठत असल्याचे दाखवले. दरम्यान १९७९ आणि १९८० मध्ये डेव्हिड आणि ॲलन या चक्रीवादळांनी केळीबागा झोपवल्या. सोंडकिडा वाढल्याची ओरड झाली. अमेरिकेत तर उत्पादन बंद झालेले. मग मार्टिनिकमधल्या एका बेके घराण्याच्या कंपनीने ब्राझीलमध्ये माल बनवून घेतला आणि १९८१ मध्ये ‘कर्लोन’ या नव्या नावाने त्याला फ्रेंच सरकारची मंजुरी मिळाली.

सगळे माहीत असताना मिळाली! १९९० मध्ये ती मागे घेतली गेली. पण मळेवाल्यांच्या आग्रहावरून सवलत देत देत वापर १९९३ पर्यंत चालला. एकवीस वर्षांत सुमारे ३०० टन शुद्ध क्लोरडेकोन दोन चिमुकल्या बेटांच्या मातीत गेले.

होपवेलमध्ये कारखाना काही दिवसांत बंद झाला आणि नदी काही महिन्यांत. बेटांवर एकवीस वर्षे लागली. मळेवाले म्हणत, याशिवाय केळी जगणार नाही. १९९३ नंतरही बेटांवर केळी पिकतेच आहे. गंधसापळे, जमीन पडीक ठेवणे, निरोगी रोपे, असे उपाय वापरले गेले. म्हणजे पर्याय अशक्य नव्हता. विष स्वस्त होते आणि मजूर त्याहून स्वस्त.

विष मातीत राहिले, मग ताटात आले

क्लोरडेकोन सहजासहजी नष्ट होत नाही. मातीच्या प्रकारानुसार ते अनेक दशके, काही ज्वालामुखीय मातीत तर पाच-सहाशे वर्षेही टिकेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १९९९ च्या सुमारास ग्वाडलूपमधल्या पिण्याच्या पाण्यात ते सापडले. २००२ मध्ये मार्टिनिकहून गेलेली दीड टन रताळी फ्रान्सच्या डंकर्क बंदरात पकडली गेली, कारण त्यात क्लोरडेकोन होते. फ्रान्समधल्या ग्राहकाच्या ताटात ते जाणार म्हटल्यावर माल अडला. बेटांवरचे लोक तीच रताळी, तेच अळूचे कंद कितीतरी वर्षे खात आले होते.

विष केळीच्या फळात फारसे उतरत नाही. ते जमिनीतल्या कंदांत, कोंबड्यांच्या अंड्यांत, गुरांच्या मांसात, नदीच्या आणि किनाऱ्याच्या माशांत साठते. अर्थ लक्षात घ्या. निर्यातीचे पीक तुलनेने स्वच्छ राहिले. विषारी झाली ती गरिबाची परसबाग. किनाऱ्याचे मोठे पट्टे मासेमारीला बंद झाले, तेव्हा पोट गेले ते कोळ्यांचे.

२०१३-१४ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ग्वाडलूपमधल्या ९५ टक्के आणि मार्टिनिकमधल्या ९२ टक्के प्रौढांच्या रक्तात क्लोरडेकोन आढळले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्वाडलूपमधल्या संशोधनात, ज्यांच्या रक्तात हे रसायन जास्त होते त्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची जोखीम वाढलेली दिसली. त्याच बेटावर सुमारे हजार गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. आईच्या रक्तातले क्लोरडेकोन आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे यांचा संबंध त्यात दिसला. मुलांच्या वाढीतले काही सूक्ष्म फरकही दिसले. ही बाळे १९९३ नंतर जन्मलेली होती. त्यांनी किंवा त्यांच्या आयांनी बागेत काम केले असेलच असे नाही.

कायद्याचे घड्याळ आणि शरीराचे घड्याळ

२००६ मध्ये ग्वाडलूपमधल्या संघटनांनी फौजदारी तक्रार केली. तपास सोळा वर्षे रेंगाळला. २०१८ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी याला पर्यावरणाचा घोटाळा म्हटले. २०२१ च्या अखेरीस कीटकनाशकांत काम केलेल्या मजुरांचा प्रोस्टेट कर्करोग हा व्यवसायजन्य आजार मानला गेला. आणि २०२३ च्या जानेवारीत पॅरिसच्या न्यायाधीशांनी फौजदारी खटला बंद केला. हा आरोग्याचा घोटाळा आहे, असे त्यांनी आदेशात मान्य केले. पण इतक्या वर्षांपूर्वीचा गुन्हा सिद्ध करणे अवघड आणि मुदतही उलटून गेलेली. एकाही माणसाला शिक्षा झाली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या प्रशासकीय अपील न्यायालयाने सरकारची चूक मान्य केली आणि आपल्याला झालेली मानसिक धास्ती जे सिद्ध करू शकतील त्यांना भरपाई द्यायला सांगितले. एवढे मिळायलाही लोकांना बेटांवरच्या रस्त्यांवर पुन्हा पुन्हा उतरावे लागले.

हार्मोनमधला बिघाड वीस-तीस वर्षांनी बाहेर येतो. गुन्ह्याची मुदत त्याच्या आधी संपते. शरीराचे घड्याळ सावकाश चालते आणि कायद्याचे घड्याळ जोरात. या दोन घड्याळांच्या मधल्या फटीतून गुन्हेगार निसटतो. अशा विषासाठी ‘आधी पीडिताने सिद्ध करावे’ हा नियमच अन्याय्य आहे. विकणाऱ्याने आधी सिद्ध करावे की अपाय नाही. तोपर्यंत विक्री नाही.

‘विषाला जात नसते’?

आपल्याकडे हा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते. विषाला जात नसते, हवा-पाणी सगळ्यांचे, याच्यात जात कशाला आणता? रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे बरोबर आहे. समाजशास्त्रात नाही. विषाला जात नसते, पण विषाच्या वाटेला असते. डबा कोण विकत घेते, कोण फोडते, पंप कोणाच्या पाठीवर असतो, रिकाम्या डब्यात पाणी कोण भरते, हे जमिनीच्या मालकीवर ठरते. आणि जमिनीची मालकी कशी ठरली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

केरळच्या कासरगोड जिल्ह्याचे उदाहरण घ्या. तिथे सरकारी मालकीच्या महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. खाली माणसे राहत होती. २००३ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फवारणीच्या पट्ट्यातली मुलगे वयात उशिरा येत असल्याचे आणि त्यांच्या हार्मोनच्या पातळीत फरक असल्याचे त्यात दिसले. तरी आपले सरकार आंतरराष्ट्रीय बंदीला कितीतरी काळ विरोध करत राहिले. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला, तेव्हा ते थांबले. अभ्यास आणि बंदी यांत आठ वर्षे गेली. ‘शकते’ या शब्दाचा फायदा इथेही रसायनालाच मिळाला.

आणि महाराष्ट्रात? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. बातम्या झाल्या, चौकशी झाली. कारण ते मृत्यू तडकाफडकी होते. ते मोजता आले. पण जो मजूर मेला नाही, दरवर्षी फवारत राहिला, त्याच्या घरी मूल झाले नाही, बायकोचा गर्भ टिकला नाही, त्याची नोंद कुठल्या वहीत आहे? मूल होत नाही म्हणून दोष बाईला लागतो, नाहीतर नशिबाला. बुद्धाने आपल्याला प्रत्येक दुःखाचे कारण शोधायला शिकवले. दुःखाला नशीब म्हणणे म्हणजे कारणाला आणि कारण निर्माण करणाऱ्याला मोकळे सोडणे.

एक साधी गोष्ट किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार हे रंग ते औषध लगेच मारण्याच्या दृष्टीने किती जहाल आहे, हे सांगतात. हार्मोनवर काय परिणाम होतो, हे तो रंग सांगत नाही. उंदरांवरच्या मारक मात्रेच्या हिशेबाने क्लोरडेकोन लाल त्रिकोणात बसले नसते, पिवळ्यात बसले असते. म्हणून हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

मग आपण काय करायचे?

पहिले काम नोंदीचे. आपल्या गावात, वस्तीत फवारणीला कोण जाते, कोणत्या महिन्यात, किती दिवस, कोणत्या औषधाच्या, हे लिहून ठेवा. डब्याच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढा. औषधाचे बाजारातले नाव पुरेसे नाही. आतल्या रसायनाचे नाव लिहा. मार्टिनिकमध्ये केपोनचे कर्लोन झाले आणि विष तेच राहिले, हे विसरू नका. अशी वही वीस वर्षांनी पुरावा ठरेल. बेटांवरच्या मजुरांकडे ती नव्हती.

दुसरे काम, प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरवर ‘फवारणीचे काम करतो/करते’ हे लिहून घेण्याचा आग्रह. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला फवारणीत, औषध कालवण्यात किंवा ते कपडे धुण्यात लावू नये, हे ग्रामसभेत मांडा. हातमोजे, मुखपट्टी, अंगभर कपडे आणि साबण-पाणी हा मालकाचा उपकार नाही, मजुराचा हक्क आहे.

तिसरे काम लांबच्या लढाईचे. औषधाला परवाना देताना हार्मोनवरच्या परिणामांची तपासणी सक्तीची हवी आणि भरपाईच्या कायद्यात मुदतीची अट आजार कळल्यापासून मोजली जायला हवी. आणि या सगळ्याच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे. १९५९ मध्ये आणि नंतर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा उभारला. आपण तो फक्त भाकरीचा लढा म्हणून आठवतो. तो शरीराचाही लढा होता. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे, तो आपल्या विहिरीशेजारी काय टाकायचे आणि काय नाही, हे ठरवू तरी शकतो. दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याला पंप पाठीवर घ्यावाच लागतो.

आपल्या चळवळीत आरोग्याचा विषय निघतो तो बहुधा रक्तदान शिबिरापुरता. त्यापुढे जायला हवे. महाडला चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मिळवायला गेलो. त्या पाण्यात काय मिसळले आहे, हे विचारणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. १९७४ मध्ये मार्टिनिकच्या निरक्षर ठरवलेल्या मजुरांनी तो प्रश्न विचारला आणि छातीवर गोळी घेतली. आपल्या हातात संविधान आहे, शिक्षण आहे, माहितीचा अधिकार आहे. आपण तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

जय भीम!